न ऐकूं येणारा आवाज : मांजरासाठीं एक घरगुती यंत्र

आज ज्या आवाजाविषयीं मी बोलणार आहें, तो आवाज आपणांस ऐकवितां येणार नाहीं. ही अडचण माझी आहे, तशीच रेडिओचीही आहे. मध्यम लहरींवरून जें भाषण किंवा जें गाणें आपल्या घरीं पोंचतें, त्यांत सेकंदास साडेचार-पांच हजार कंपनांच्या वरचा नाद जवळजवळ उरतच नाहीं, एफ्. एम्. वर ही मर्यादा पंधरा हजारांपर्यंत जाते. माझा आजचा आवाज चोवीस-पंचवीस हजार कंपनांचा आहे. तो यदाकदाचित् आपल्या रेडिओंतून बाहेर पडलाच असता, तरी आपण स्वस्थ बसून राहिलां असतां. आपल्या मांडीवरची मनी मात्र उठून चालती झाली असती.

उपनगरांत राहणाऱ्यांस मांजरांची तक्रार नवी नाहीं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कोठल्याही इमारतीखालीं गाड्या उभ्या करण्याची जी जागा असते, तेथें सकाळीं एकदां जाऊन पाहावें. स्कूटरच्या बैठकीचें रेक्झिन नखांनीं फाडलेलें, आंतला स्पंज बाहेर आलेला, मोटारीच्या टपावर चिखलाच्या पावलांची रांगोळी, आणि कुंडींतल्या तुळशीच्या बुंध्याशीं जें नसावें नेमकें तें! तळमजल्यावरच्या गृहिणीचा दूध आणि मासळी यांचा हिशेब तर निराळाच.

आमच्या मुलुंडच्या इमारतींत गेल्या वर्षीं हा प्रश्न सोसायटीच्या सभेपुढें आला. मांजरें तीन होतीं : एक काळी-पिवळी मांजरी, तिचाच मुलगा असावा असा एक दांडगा बोका, आणि एक पांढरें शुभ्र मांजर. तिघांनाही पोत्यांत घालून खाडीपलीकडे सोडून यावें, असा ठराव जवळजवळ मंजूर होत होता. असें सोडलेलें मांजर दुसऱ्या मांजरांच्या हद्दींत जाऊन पडतें, त्याला तेथें अन्न कोठें मिळतें हें ठाऊक नसतें, आणि पुष्कळदां तें वांचत नाहीं. प्राण्यांशीं क्रूरपणें वागण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्यांतही, उपासमार व्हावी अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा अपराध मानला आहे. परंतु फाटलेल्या बैठकी ज्यांच्या होत्या त्यांस कायदा ऐकवून भागण्यासारखें नव्हतें. म्हणून मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली आणि यंत्र करावयास बसलों. तें यंत्र काय आहे, तें कसें करावें आणि त्यापासून किती अपेक्षा ठेवावी, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम कानाची गोष्ट. माणसाचा तरुण व निरोगी कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा आवाज ऐकतो. या संख्येला हर्ट्झ हें माप लावतात व हजार हर्ट्झला एक किलोहर्ट्झ म्हणतात; पुढें मी तेंच माप वापरीन. वय वाढतें तशी आपली वरची मर्यादा खालीं सरकते. पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांस १२ किलोहर्ट्झच्या पलीकडचें फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि तें ऐकूं येत नाहीं हेंही त्यांस कळत नाहीं. कुत्र्याचा कान सुमारें ४५ किलोहर्ट्झपर्यंत पोंचतो. मांजराचा मात्र ८५ पर्यंत! माणसाला ऐकूं न येणाऱ्या या वरच्या आवाजास श्राव्यातीत ध्वनि असें नांव आहे. अर्थात् तें नांव माणसानें आपल्या कानावरून ठेवलेलें आहे, मांजरास विचारून नव्हे.

मांजराला इतका तीक्ष्ण कान कशासाठीं लागला, याचें उत्तर त्याच्या भक्ष्यांत आहे. उंदीर एकमेकांशीं अशाच बारीक आवाजांत बोलतात. मोठा उंदीर भयानें ओरडतो तेव्हां त्याचा नाद २२ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि बिळांतल्या उघड्या पिलांची आईसाठींची हाक त्याहूनही पुष्कळ वरची असते. ज्या स्वयंपाकघरांत मध्यरात्रीं आपणांस शांतता वाटते, तेथें मांजराला बाजार भरलेला ऐकूं येत असतो.

ही गोष्ट प्रथम पद्धतशीरपणें ज्यानें पाहिली तो गृहस्थ म्हणजे इंग्रज संशोधक फ्रॅन्सिस गॉल्टन. १८७६ च्या सुमारास त्यानें एक लहानशी शिट्टी तयार केली. तिची पोकळी स्क्रूनें कमीजास्त करून नाद हवा तितका चढवितां येई. ही शिट्टी त्यानें हातांतल्या काठीच्या टोकाला बसविली, काठीच्या मुठीशीं रबराचा फुगा ठेवला, आणि तो प्राणिसंग्रहालयांत व रस्त्यांतून हिंडला. जनावराच्या कानाजवळ काठीचें टोक न्यावयाचें, फुगा दाबावयाचा आणि कान हलतात का हें पाहावयाचें. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें नमूद केलें आहे कीं, या परीक्षेंत मांजराच्या तोडीचें दुसरें जनावर त्याला आढळलें नाहीं. आपलें यंत्र हें या काठीचेंच वंशज. फरक इतकाच कीं काठीमागें गॉल्टन होता आणि आपल्या यंत्रामागें रात्रीं कोणीच नसतें, म्हणून मांजर आलें हें ओळखण्याचें कामही यंत्रावरच सोंपवावें लागतें.

आतां कृति. लागणारें सर्व सामान ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, एका फेरींत मिळतें. यंत्राचें हृदय म्हणजे ५५५ या क्रमांकानें ओळखली जाणारी आठ पायांची चिप. हान्स कॅमेंझिंड या मूळच्या स्विस अभियंत्यानें ती १९७१ सालीं आंखली, १९७२ सालीं ती बाजारांत आली, आणि अर्धें शतक उलटलें तरी हौशी माणसाचें पान तिच्यावांचून हलत नाहीं. तिचें काम साधें आहे. एक कपॅसिटर विजेनें भरावयाचा. तो दोन-तृतीयांश भरला कीं रिता करूं लागावयाचें. एक-तृतीयांश उरला कीं पुन्हां भरावयाचा. गच्चीवरची टाकी जशी पंपानें भरावी व नळानें रिकामी व्हावी, तसाच हा प्रकार. मात्र येथें तो सेकंदांत पंचवीस हजार वेळां घडतो.

जोडणी सांगतों, ती लिहून घ्यावी. चिपच्या एका कडेला खांच असते. ती वर धरली कीं डावीकडे वरून खालीं १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८ असे पाय मोजावेत. पाय १ ला ऋण आणि पाय ८ ला धन जोडावें. वीज १२ व्होल्टच्या साध्या अ‍ॅडॉप्टरची. पाय ८ व ७ यांच्यामध्यें ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. पाय ७ व ६ यांच्यामध्यें १८ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशीं एका ओळींत १० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनें फिरवितां येणारा रेझिस्टर, घालावा. पाय २ व ६ एकमेकांस जोडावे आणि तेथून ऋणापर्यंत १ नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर लावावा. पाय ५ पासून ऋणापर्यंत १० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर. त्यानें चिपचें चित्त स्थिर राहतें. धन व ऋण यांच्यामध्यें १०० मायक्रोफॅरडचा एक मोठा कपॅसिटर टाकावा. त्याच्या अंगावरची ऋणाची खूण पाहूनच तो लावावा, उलटा लागला तर फुटतो. पाय ३ मधून आवाज बाहेर पडतो. तो १०० ओहमच्या रेझिस्टरमधून पिझो ट्वीटरला द्यावा व ट्वीटरचें दुसरें टोक ऋणाला जोडावें. ट्वीटर पिझोचाच हवा. तारेचें वेटोळें व लोहचुंबक असलेला साधा स्पीकर या कामाचा नाहीं.

राहिला पाय ४. हा चिपचा लगाम होय. त्याला वीज मिळाली कीं चिप चालते, न मिळाली कीं गप्प बसते. येथें पीआयआर सेन्सर जोडावयाचा, म्हणजे उष्ण देह समोरून हलला हें ओळखणारा पांढऱ्या घुमटाचा डोळा. त्याच्या तीन तारांपैकीं दोन धन-ऋणांस आणि मधली पाय ४ ला. मांजर आलें कीं सेन्सर सुमारें सव्वातीन व्होल्ट देतो, आणि लगाम सुटावयास तेवढे पुरतात. किती वेळ आवाज चालावा हें सेन्सरवरच्या एका स्क्रूनें ठरवितां येतें. मीं तो पांच-सात सेकंदांवर ठेवला आहे. वीज सुरू केल्यावर सेन्सर मिनिटभर उगाच बावचळल्यासारखा वागतो, त्यास भिऊं नये. मे महिन्याच्या भर दुपारीं भिंतीच मांजराच्या अंगाइतक्या तापतात व हा डोळा मंदावतो. पण त्या वेळीं मांजरेंही कोठेंतरी सांवलीला झोंपलेलीं असतात.

न ऐकूं येणारें यंत्र चालतें आहे हें ओळखावें कसें? त्यास एक सोपी युक्ति आहे. १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरच्या जागीं घटकाभर १० नॅनोफॅरडचा लावावा. कंपनांची संख्या दहापटीनें खालीं येते आणि ट्वीटर स्पष्ट शिट्टी घालूं लागतो. ती ऐकूं आली कीं जोडणी बरोबर आहे असें समजून मूळचा कपॅसिटर परत बसवावा. हिशेबाचें सूत्रही सोपें आहे : वरचा रेझिस्टर आणि खालच्याची दुप्पट यांची किलोओहममधील बेरीज करावी, तिला नॅनोफॅरडनें गुणावें, आणि १,४४० ला त्या गुणाकारानें भागावें, उत्तर किलोहर्ट्झमध्यें येतें. वर दिलेल्या मापांनीं प्रीसेट एका टोकाला असतां ३५ आणि दुसऱ्या टोकाला २३.७ येतें. बहुतेक पिझो ट्वीटर २५ च्या पुढें मंदावतात, म्हणून प्रीसेट खालच्या टोकाजवळ ठेवणें बरें. हर्ट्झ मोजणारा मल्टीमीटर असल्यास त्यावर खात्री करावीच.

ही खात्री मीं प्रथम केली नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त दुसऱ्याच कोणाला भोगावें लागलें. पहिलें यंत्र करतांना १८ किलोओहमचा रेझिस्टर हाताशीं नव्हता, ४७ चा होता. एवढ्यानें काय बिघडतें, अशा विचारानें मीं तोच ठोकून दिला. आवाज मला ऐकूं आला नाहीं, सोसायटीच्या चिटणिसांस आला नाहीं, रखवालदारास आला नाहीं. आम्ही सारे पन्नाशीपलीकडचे! यंत्र श्राव्यातीत आहे अशी सर्वांची खात्री पटली. तिसऱ्या दिवशीं पहिल्या मजल्यावरची, चौथींत शिकणारी मुलगी दारांत येऊन उभी राहिली.

“काका, खालीं तें किर्र किर्र कोण करतं? डोकं दुखतं माझं.”

तिनें घरीं सांगितलें होतें. आजोबांनीं कान देऊन ऐकलें, त्यांस कांहीं ऐकूं आलें नाहीं, आणि अभ्यास चुकविण्याची ही नवी तऱ्हा आहे असा निकाल त्यांनीं देऊन टाकला. तीन संध्याकाळीं ती पोर खालीं खेळावयास उतरली नव्हती. मीं सूत्र मांडून पाहिलें तों उत्तर साडेचौदा किलोहर्ट्झ! मुलांना हा आवाज सुईसारखा टोंचतो आणि मोठ्यांना त्याचा पत्ताही लागत नाहीं. विलायतेंत २००५ सालीं ‘मॉस्किटो’ नांवाचें एक यंत्र विक्रीस आलें, तें याच भेदावर उभें आहे. दुकानांपुढें घुटमळणारीं तरुण मुलें हांकलून लावण्यासाठीं तें १७.४ किलोहर्ट्झचा नाद सोडतें. मीं अजाणतां तेंच यंत्र आमच्या जिन्याखालीं बसविलें होतें. त्या दिवसापासून माझ्या यंत्राची शेवटची तपासणी ती मुलगी करते. तिनें “आतां कांही नाहीं” असें म्हटल्याखेरीज मी तें भिंतीवर चढवीत नाहीं. ज्यांच्या घरीं लहान मूल आहे त्यांनीं यंत्र लावल्यावर मुलास विचारावें, आणि तें ऐकूं येतें म्हणालें तर त्याचा शब्द प्रमाण मानावा.

आतां बसविण्याविषयीं. २५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर भरते. खालच्या पट्टींतला आवाज कोपऱ्यावरून वळतो, दाराआडून येतो. ही बारीक लहर मात्र प्रकाशासारखी सरळ जाते आणि वाटेंत कुंडी, बादली, वाळत टाकलेलें लुगडें जें येईल त्याच्यामागें तिची सांवली पडते. शिवाय अंतर दुप्पट झालें कीं जोर सहा डेसिबलनीं उतरतो, आणि हवाही या उंच नादाला वाटेंत शोषून घेते तें निराळेंच. म्हणून एका यंत्राची सत्ता चार-पांच मीटरांपलीकडे आहे असें समजूं नये. जमिनीपासून वीतभर उंचीवर, मांजराच्या येण्याच्या वाटेकडे तोंड करून, वर छप्पर असेल तेथें तें लावावें. अ‍ॅडॉप्टर घरांत ठेवावा आणि बाहेर फक्त १२ व्होल्टची तार न्यावी. २३० व्होल्टची तार पावसाळ्यांत ओलीला नेण्याचें साहस कोणी करूं नये. ट्वीटरचें तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे करूं नये. त्यांचें कुत्रें, त्यांचें पाळलेलें मांजर, पिंजऱ्यांतले पांढरे उंदीर या सर्वांना तो ऐकूं जातो, आणि बांधलेल्या किंवा कोंडलेल्या जीवाला उठून जाण्याची सोय नसते. चिमण्या-पोपटांना मात्र भीति नाहीं. त्यांचा कान आपल्याइतकाही वर पोंचत नाहीं. आणखी एक गोष्ट आधी पाहावी, ती ही कीं जवळपास मांजरी व्यालेली तर नाहीं? पिलें जागचीं हलूं शकत नाहींत, त्यांच्या डोक्याशीं असें यंत्र लावणें हा शुद्ध छळ होय. तीं हिंडूं-फिरूं लागेपर्यंत थांबावें.

यंत्र अहोरात्र चालू ठेवूं नये, हें मी मुद्दाम सांगतों, कारण बाजारांतल्या कांहीं यंत्रांत हीच खोड असते. सारखा चालणारा नाद मांजराला कांहीं शिकवीत नाहीं. गिरणीशेजारीं राहणारा माणूस जसा गिरणीच्या भोंग्याला सरावतो, तसें तें सरावतें. आपण पाऊल टाकलें कीं आवाज होतो आणि मागें फिरलों कीं थांबतो, असा संबंध जुळला तरच तें ती जागा टाळतें.

मग गुण किती येतो? विलायतेंतल्या बागांतून अशा यंत्राची दीर्घकाळ परीक्षा झाली व तिचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तीत केलेल्या दोन प्रयोगांपैकीं एकांत मांजर बागेंत शिरण्याचा संभव सुमारें एक-तृतीयांशानें घटला, दुसऱ्यांत घटला नाहीं. शिरलेलें मांजर थांबण्याचा वेळ मात्र दोन्हींत कमी झाला, आणि परिणाम काळाबरोबर वाढत गेला. ऑस्ट्रेलियांत पर्थच्या उपनगरांत झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत येण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें उतरलें आणि रेंगाळणें त्याहूनही अधिक उतरलें. म्हणजे हा मंत्र नव्हे. आठवड्यांत गुण न आल्यास यंत्र फेंकूं नये, आणि आला तरी दुधावरचें झांकण काढूं नये.

सोसायटीच्या सभेंत एका गृहस्थांनीं विचारलें कीं, एक यंत्र गुणकारी असेल तर दहा लावून आवारांतून मांजर समूळ घालवूं या कीं! त्यांना मीं अमरावतीची हकीकत सांगितली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि तो पुढें वर्षानुवर्षें गांवोगांव फिरला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनीं येतो हें कळल्यावर, अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेले भारतीय वैद्यक सेवेंतील डॉक्टर बुकॅनन यांनीं खेड्यांतून मांजरांची गणती चालविली, आणि जेथें घरोघर मांजरें आहेत तेथें प्लेग फारसा फिरकत नाहीं असा निष्कर्ष १९०८ सालीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. घरोघर मांजर पाळावें, हा त्यांचा प्लेगवरचा उपाय होता. आज प्लेगची ती धास्ती नाहीं. पण २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसनें माणसें दगावलीं, आणि तो रोग पसरवितो उंदराचें मूत. मांजर मोठ्या घुशीला हात लावीत नाहीं हें खरें; लहान उंदरांवर तरी त्याचा वचक राहतो. म्हणून यंत्र बैठकीपुढें लावावें, कुंडीपुढें लावावें, स्वयंपाकघराच्या खिडकीखालीं लावावें. गटाराकडची बाजू, कचऱ्याची कुंडी, पंपाची खोली, या जागा मांजराकडे राहूं द्याव्या. मांजरांची संख्याच अधिक वाटत असेल तर त्याचा मार्ग नसबंदी हा आहे. मुंबईंत तें काम करणाऱ्या प्राणिमित्र संस्था आहेत.

आमची महिन्याची मुदत संपली तेव्हां काळी-पिवळी मांजरी आणि बोका यांनीं गाड्यांची जागा सोडून पंपाच्या खोलीमागें बिऱ्हाड केलें होतें. खाडीपलीकडे नेण्याचा ठराव पुढें कोणी काढला नाहीं. पांढऱ्या मांजरानें मात्र यंत्राला भीक घातली नाहीं. तें सेन्सरसमोरून डौलानें चालत येई, लाल दिवा लागे, ट्वीटर आपलें काम करी, आणि तें स्कूटरवर चढून अंग चाटीत बसे. मला वाटलें ट्वीटर बिघडला. एके दिवशीं त्याच्या पाठीमागें उभा राहून मीं जोरानें टाळी वाजविली. त्यानें कानही हलविला नाहीं. त्याचे डोळे निळे आहेत, हें तेव्हां माझ्या लक्षांत आलें. पांढऱ्या रंगाचीं व निळ्या डोळ्यांचीं पुष्कळ मांजरें जन्मतः बहिरीं असतात. त्याच्यापुरता आम्हीं स्कूटरांच्या बैठकींवर जाड ताडपत्रीचे अभ्रे शिवून घेतले आहेत, आणि त्यांपैकीं एकावर तें रोज दुपारीं झोंपलेलें असतें.